जुन्या घरातील बिनतारी दिवे

दिवेलागण हा शब्द आपल्या घरांतून अद्याप गेलेला नाही, परंतु दिवा लावण्याची क्रिया मात्र एका माणसाच्या आयुष्यात तीनचार वेळा बदलली. कंदिलाची काच राखेने पुसून वात वर करणाऱ्या हातांनीच पुढे भिंतीवरचे काळे वाटोळे बटन फिरविले. त्याच हातांनी पिवळ्या दिव्याच्या जागी पांढरी नळी पाहिली आणि नळीच्या जागी नऊ वॅटचा छोटा एल.ई.डी. दिवा बसविला. आता बटनाला हात न लावता, पलंगावरून, अंगणातून किंवा परगावाहूनही दिवा लावता येतो. नवी इमारत बांधताना अशी सोय करून घेणे फारसे कठीण नाही. प्रश्न उभा राहतो तो जुन्या घरांपुढे. तेथे भिंती जाड असतात, तारा जुन्या असतात, आणि राहणारी माणसे आपल्या सवयींसह वृद्ध झालेली असतात. अशाच एका घरात हे काम कसे झाले, कोठे फसले आणि कोठे साधले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते. ते घर माझ्या मावशीचे, रायपूरचे.

रायपुरात मराठी माणसांचे वास्तव्य जुने आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला आणि 1854 साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत तो या ना त्या स्वरूपात राहिला. पुढे 1956 पर्यंत नागपूर आणि रायपूर ही एकाच प्रांताची शहरे होती. त्या वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस नागपूर मुंबई राज्यात गेले व रायपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूर त्याची राजधानी बनली. सरहद्दी बदलल्या, घरे जागच्या जागी राहिली. तात्यापारा, बूढापारा, ब्राह्मणपारा या जुन्या वस्त्यांतून आजही दीड हात रुंदीच्या भिंतींची, माडीवर कवेलू घातलेली काही घरे दिसतात. मावशीचे घर त्यांपैकीच एक. त्याचे वय सत्तरीच्या पुढचे आहे आणि काकांचे त्याहून थोडे अधिक.

एका रात्रीची गोष्ट

निमित्त घडले ते असे. काकांचे निजणे माडीवर आणि न्हाणीघर खाली. जिन्यात दिवा होता, त्याला वर व खाली अशी दोन बटनेही होती. परंतु वरचे बटन पलंगापासून नऊदहा पावले दूर, दाराच्या पलीकडे. रात्री उठावे, अंधारात भिंत चाचपीत जावे आणि बटन सापडले की दिवा लावावा, असा काकांचा चाळीस वर्षांचा क्रम. एका रात्री भिंत सापडली, बटन सापडले नाही आणि पायरी चुकली. मनगटाचे हाड मोडले. जिवावरचे मनगटावर निभावले असे मावशी म्हणाली, पण त्या दिवसापासून रात्री काका जरा हलले तरी ती जागी होऊ लागली.

माझा मावसभाऊ पुण्यास नोकरी करतो. बातमी कळताच तो दोन दिवसांची रजा काढून आला तो सहा ‘स्मार्ट’ दिवे घेऊनच. जुने दिवे काढले, नवे लावले, घरातील इंटरनेटच्या यंत्राशी त्यांची ओळख करून दिली, काकांच्या फोनवर चित्रे आणून ठेवली आणि तो परत गेला. आठ दिवसांत सारे बंद पडले. दोष दिव्यांचा नव्हता. असा दिवा अंधारात असतानाही आत जागा असावा लागतो; हुकूम ऐकण्यासाठी त्याला सतत थोडी वीज हवी असते. काका मात्र निजताना सवयीप्रमाणे भिंतीवरचे बटन बंद करीत. बटन बंद झाले की दिव्याचा कानच बंद झाला. मग फोनवर कितीही बोटे आपटा, दिवा लागणार कसा?

दुसरी गोष्ट याहून नाजूक होती. एके रात्री बाराच्या सुमारास मावशीच्या खोलीतील दिवा आपोआप लागला आणि विझला. ती घाबरून उठून बसली. सकाळी कळले की, दिवे चालू आहेत की नाहीत हे मुलाने पुण्याहून पाहिले होते. मुलाच्या मनात काळजीच होती. पण मावशीने फोनवर त्याला जे सांगितले ते मला विसरता येत नाही: “अरे, घर माझं, झोप माझी. माझ्या डोक्यावरचा दिवा तू पुण्याहून लावावास, आणि मला ठाऊकही नसावं?” मुलगा गप्प झाला. काही दिवस दोघांत नुसती खुशालीची विचारपूस होत राहिली, मोकळे बोलणे होईना.

मी उन्हाळ्याच्या सुटीत तेथे गेलो तेव्हा सहाही दिवे खोक्यात परत गेले होते. काका रात्री उठण्याच्या भीतीने संध्याकाळी पाणी पिणे टाळू लागले होते. तेही रायपूरच्या मे महिन्यात, जेथे पारा चव्वेचाळीस अंशांपलीकडे जातो. गोष्ट दिव्यांपुरती राहिली नव्हती.

आधी तारा, मग यंत्र

मावशीने मोहल्ल्यातील एका अनुभवी, परवानाधारक वायरमनला बोलाविले. मला वाटले, हा मनुष्य नव्या यंत्रांची यादी मागेल. त्याने शिडी मागितली. पहिले दोन दिवस त्याने केवळ जुन्या तारा तपासल्या, आणि आज विचार करता त्या दोन दिवसांचे मोल सर्वांत अधिक वाटते.

माडीवरील तारा लाकडी पट्टीतून गेलेल्या, रबराच्या वेष्टनाच्या होत्या. रबर वर्षानुवर्षे उष्णतेने कडक होते व वाकविताच त्याचे तुकडे पडतात. आतील तांबे उघडे पडते. बाहेरून पट्टी रंगविलेली, म्हणून सर्व ठीक दिसत होते. वेष्टनाची शक्ती मोजण्यासाठी मेगर नावाचे यंत्र असते. ते तारेवर पाचशे व्होल्टचा दाब देऊन वीज कोठे झिरपते का ते दाखविते. मापन एक मेगओहमच्या खाली आले तर त्या तारांवर विश्वास ठेवू नये, असा साधारण नियम आहे. माडीवरचे मापन त्याच्या कितीतरी खाली आले. खालच्या मजल्याच्या तारा नंतरच्या काळातील, प्लॅस्टिक वेष्टनाच्या होत्या. त्या उत्तम निघाल्या.

दुसरा दोष अधिक फसवा होता. आपल्या घरात येणारी वीज 230 व्होल्टची. तिच्या दोन तारांपैकी एकीत दाब असतो; तिला फेज म्हणतात. दुसरी न्यूट्रल, म्हणजे परतीची वाट. बटन नेहमी फेजच्या तारेत असले पाहिजे. मागे कधी तरी झालेल्या दुरुस्तीत न्हाणीघराचे बटन न्यूट्रलच्या तारेत जोडले गेले होते. अशाने बटन बंद केल्यावर दिवा विझतो खरा, पण त्याच्या खोबणीत दाब तसाच राहतो; बटन बंद आहे या विश्वासाने ओल्या हाताने दिवा बदलणाऱ्यास धक्का बसण्याचा धोका असतो. कित्येक वर्षे काकाच तो दिवा बदलत आले होते, हे ऐकून मावशीने कपाळाला हात लावला.

तेव्हा माडीवर नव्या तांब्याच्या तारा घातल्या. भिंती फोडल्या नाहीत. चुन्याच्या जुन्या गिलाव्याला छिन्नी लावली की हातभर गिलावा निघून येतो. भिंतीवरून प्लॅस्टिकची पट्टी नेली आणि तीत तारा बसविल्या. फेजला लाल, न्यूट्रलला काळी आणि जमिनीच्या तारेला हिरवी, असे रंग पाळले, म्हणजे पुढे येणाऱ्यास अंदाज करीत बसावे लागू नये. मुख्य पेटीत गळती ओळखणारे यंत्र, आर.सी.सी.बी., बसविले. माणसाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून तीस मिलिअँपिअर एवढी अल्प वीज जमिनीकडे जाऊ लागली तरी ते निमिषार्धात पुरवठा तोडते. एकूण खर्चाचा मोठा भाग या कामी गेला. बिनतारी यंत्रांची पाळी त्यानंतर आली. जुन्या घराचे मालक बहुधा हा क्रम उलट करतात, कारण यंत्र दिसते आणि तार दिसत नाही.

तिसऱ्या तारेचा प्रश्न

बटनामागे बसविण्याचे लहानसे यंत्र काड्यापेटीएवढे असते. त्याला घर मिळावे म्हणून खोल पेटी हवी आणि जिवंत राहण्यासाठी फेज व न्यूट्रल अशा दोन्ही तारा हव्यात. आपल्याकडील जुन्या जोडणीत बटनाच्या पेटीत पुष्कळदा फेजच येते व दिव्याकडे जाते. न्यूट्रल परस्पर छतावरून दिव्याला पोहोचते. त्या काळी त्यात चूक काही नव्हती, उलट तारेची बचत होती. मात्र ज्या बोर्डावर पंखा, दिवा यांच्या बटनांबरोबर प्लगची खोबणी आहे, तेथे न्यूट्रल असतेच, कारण प्लगला दोन्ही तारा लागतात. बोर्डावर खोबणी आहे का, एवढे पाहिले तरी घरमालकास निम्मे उत्तर मिळते. नक्की काय ते वायरमनने पेटी उघडून सांगावे.

न्यूट्रलवाचून चालणारी यंत्रेही बाजारात मिळतात. ती दिव्यातूनच थोडी वीज सतत वाहू देऊन आपली भूक भागवितात. जुन्या साठ वॅटच्या दिव्याला याचा पत्ता लागत नसे, परंतु एल.ई.डी. दिवा इतक्या थोड्या विजेवरही मंद उजळतो किंवा लुकलुकत राहतो. असा बंद केलेला दिवा रात्री डोळे मिचकावताना पाहून कित्येकांनी भूतबाधेपर्यंत तर्क नेले असतील. त्यावर दिव्याशेजारी एक लहान जोड लावण्याचा उपाय आहे. तथापि न्यूट्रल आणता येत असेल तर आणावी, हेच श्रेयस्कर.

या घरात तीन ठिकाणांसाठी तीन निराळे उपाय निघाले. निजण्याच्या खोलीतील बोर्डात प्लग होता, न्यूट्रल होती. तेथे यंत्र बटनामागे बसले आणि जुने बटन त्यालाच जोडले. म्हणजे भिंतीवरचे बटन पूर्वीप्रमाणे खालीवर केले की दिवा बदलतो, आणि पलंगाजवळून हुकूम आला तरी बदलतो. काकांची सवय मोडावी लागली नाही.

न्हाणीघराच्या बाहेरील पेटीत न्यूट्रल नव्हती. तेथील उलटी जोडणी सुलट केल्यावर यंत्र बटनामागे न ठेवता दिव्याच्या टोकाशी, दाराबाहेरच्या कोरड्या जागी बसविले, कारण तेथे दोन्ही तारा असतातच. वीज परत येताच दिवा लागावा अशी त्याची मांडणी केली. बिनतारी व्यवस्था बिघडलीच तर भिंतीवरचे बटन एकदा बंद करून पुन्हा चालू करावे, दिवा लागतो.

आणि जिना? वायरमनने जिन्याच्या दिव्याला व त्याच्या दोन बटनांना नव्या तारा तेवढ्या दिल्या. बिनतारी काहीही जोडले नाही. ती व्यवस्था उत्तम चालत होती. त्याने पायऱ्यांच्या कडेला, गुडघ्याच्या उंचीवर, मंद पिवळसर प्रकाशाचे दोन लहान दिवे निराळे बसविले आणि नवे नियंत्रण फक्त त्यांना दिले. चालू असलेली वस्तू मोडून नवी बसविण्यापेक्षा तिच्या शेजारी नवी बसवावी, ही जुनी कारागिरी त्यात दिसली.

भिंतीपलीकडे जाणारा हुकूम

बिनतारी म्हणजे जादू नव्हे. 1895 साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बसूंनी विद्युत्‌लहरी भिंतींपलीकडे पाठवून तेथील घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटवून दाखविली. आपल्या घरातील दिव्याला मिळणारा हुकूम त्याच जातीच्या लहरींवरून जातो. फरक एवढाच की, आज त्या लहरींवर आकड्यांत लिहिलेली चिठ्ठी असते: अमुक दिवा लाव, तमुक विझव.

यातील बहुतेक यंत्रे 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. त्यांची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे अर्ध्या वितीपेक्षा थोडी अधिक. काही यंत्रे 865 मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. त्यांच्या लहरींची लांबी सुमारे पस्तीस सेंटीमीटर भरते आणि जाड भिंतीतून त्या अधिक सहजतेने पार होतात. या दोन्ही पट्ट्यांत अल्पशक्तीच्या यंत्रांना परवाना लागू नये अशी तरतूद भारतात 2005 सालापासून आहे. परदेशाहून नातेवाइकांनी आणलेली यंत्रे मात्र कधी निराळ्या पट्ट्यावर बोलतात. ती येथे वापरू नयेत.

लहरींचे शत्रू दोन, पाणी आणि लोखंड. ओली भिंत लहर शोषून घेते. लोखंडी कपाट, पत्र्याची पेटी, जाळीची खिडकी तिला अडविते. मावशीच्या घरी पहिल्या दिवशी न्हाणीघराचा दिवा हुकूम मानीना. कारण शोधता शोधता कळले की, मधे दीड हात भिंत आणि भिंतीला टेकून लोखंडी कपाट होते. उपाय कपाट हलविण्याचा नव्हता. झिगबीसारख्या पद्धतीत, जिचे पहिले प्रमाण 2004 साली ठरले, विजेवर सतत चालणारे प्रत्येक यंत्र आलेली चिठ्ठी पुढच्या यंत्राकडे पोहोचवू शकते. ओसरीतील एका प्लगमध्ये असेच एक यंत्र लावले, आणि जी चिठ्ठी भिंत भेदू शकत नव्हती ती दारातून वळसा घालून पोहोचली. बादलीने पाणी पोहोचविण्यासाठी माणसे रांगेत उभी राहतात, तसाच हा प्रकार.

पलंगाशेजारच्या बटनाची गोष्टही सांगण्याजोगी आहे. त्याला तार नाही आणि सेलही नाही. बटन दाबताना बोटाने जो जोर दिला जातो, त्यानेच आतील लहानसे चुंबक हलते, क्षणभर वीज उत्पन्न होते आणि तेवढ्या विजेवर चिठ्ठी निघून जाते. सेल संपण्याची भीती नाही, भिंतीत खिळाही नको. हे बटन पलंगाच्या कडेला, काकांचा उजवा हात सहज जातो तेथे, चिकटविले आहे.

पाली, उकाडा आणि परतलेली वीज

जिन्यातील लहान दिवे माणसाची चाहूल लागताच लागतात. चाहूल घेणारा डोळा अंगातून निघणारी उष्णता पाहतो. स्थिर उष्णता नव्हे, हलणारी. यात दोन अडचणी आल्या आणि त्या कोणत्याही माहितीपत्रकात नव्हत्या. पहिली उकाड्याची. मे महिन्यात कवेलूंखालील भिंत रात्रीही तापलेली असते. अंगाची उष्णता आणि भिंतीची उष्णता यांत अंतर थोडे उरते, आणि डोळ्याला माणूस उशिरा दिसतो. म्हणून एकाऐवजी दोन डोळे बसविले, एक वरच्या दाराजवळ व एक मधल्या वळणावर, जिन्यात आडवे पाहणारे. कारण समोरून चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा माणूस त्यांना लवकर कळतो. दुसरी अडचण पालींची. दिव्याभोवती किडे जमले, किड्यांमागे पाली आल्या, आणि डोळ्याच्या काचेवरून पाल गेली की जिना उजळू लागला. डोळा दिव्यापासून दोन हात दूर नेल्यावर हे थांबले.

तिसरा प्रसंग वादळाचा. जूनच्या आरंभी एका संध्याकाळी वीज गेली. रात्री दोन वाजता परत आली, आणि परत येताच न्हाणीघराच्या दिव्याबरोबर घरातील सर्वच नवे दिवे एकदम लागले. सारे घर जागे झाले. प्रत्येक यंत्राला, वीज परतल्यावर काय करावे, हे आधीच सांगून ठेवावे लागते: लागावे, विझलेले राहावे, की पूर्वी होते तसे व्हावे. दुसऱ्या दिवशी निजण्याच्या खोलीसाठी ‘पूर्वीप्रमाणे’ आणि न्हाणीघरासाठी ‘लागावे’ असे ठरविले. नियंत्रणाची मुख्य डबी व इंटरनेटचे यंत्र इन्व्हर्टरवर जोडले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, घरातले हुकूम घरातल्या घरात चालतील अशीच पद्धत निवडली होती. बाहेरचे इंटरनेट तुटले तरी पलंगाचे बटन आणि जिन्याचे डोळे आपले काम करीत राहतात. काही यंत्रांत मात्र पलंगावरून दिलेला हुकूम आधी दूरदेशीच्या संगणकाकडे जातो आणि तेथून खोलीत परत येतो. वृद्धांच्या घरी तसली यंत्रे टाळावीत.

हिशेबाची बाजू

यात पैशाची बचत होते का, असा प्रश्न शेजाऱ्यांनी विचारला. हिशेब असा. साठ वॅटचा जुना दिवा रोज पाच तास लावला तर महिन्याला नऊ युनिट लागतात. नऊ वॅटचा एल.ई.डी. दिवा तेवढाच वेळ लावला तर दीड युनिटदेखील लागत नाही. खरी बचत येथे झाली, आणि ती बिनतारी यंत्राविनाच झाली. नियंत्रणाचे यंत्र मात्र स्वतः रात्रंदिवस अर्धा ते एक वॅट खाते. एक वॅट धरल्यास दिवसाला चोवीस वॅटतास होतात. तेवढ्या विजेत नऊ वॅटचा दिवा दोन तास चाळीस मिनिटे जळतो. जो दिवा मुळात चारच तास लागतो, त्यावर हे यंत्र बसविल्याने बिल वाढेल. जिन्यासारखा, भीतीपोटी रात्रभर जळणारा दिवा मात्र चाहुलीवर लावला तर फायदा दिसतो. दहा तासांचे नव्वद वॅटतास जाऊन एका तासाचे नऊ आणि यंत्राचे चोवीस, असे तेहतीस उरतात. सारांश, प्रत्येक दिव्यावर यंत्र लावणे हा शौक आहे. जेथे अंधाराची भीती किंवा रात्रभराचा जाळ आहे, तेवढ्याच जागी ते लावणे हा विचार आहे.

कोणाचा दिवा, कोणाचा हात

राहिला मायलेकांचा प्रश्न. तो वायरमनला सोडविता येण्यासारखा नव्हता. दिवे कधी लागले, कधी विझले याची नोंद ज्याच्या फोनवर उमटते त्याला घरातली माणसे कधी उठतात, कधी निजतात, केव्हा बाहेरगावी असतात, हे सारे कळते. चोराच्या हाती ती पडू नये म्हणून यंत्राचा मूळचा परवलीचा शब्द बदलावा, तो लांब असावा, यंत्राच्या सुधारणा वेळेवर घ्याव्यात, हे तर खरेच. पण आपल्याच मुलाच्या हाती ती किती असावी, याचे उत्तर माहितीपत्रकात मिळत नाही.

काम पुरे होत आले तेव्हा मावसभाऊ पुन्हा आला. मावशीने जेवणानंतर त्याला आपल्या अटी सांगितल्या. भिंतीवरचे एकही बटन निकामी होता कामा नये. माझ्या खोलीचा दिवा बाहेरून कोणी लावणार नाही. आणि काय बसविले आहे ते मला समजेल अशा मराठीत लिहून द्यायचे. त्याने तिन्ही मान्य केल्या. थोडा वेळ थांबून तो म्हणाला, “आई, मला दिवे नकोत गं. बाबा रात्री सुखरूप वर गेले एवढं कळलं की झोप लागते.” मावशीने त्यावर तडजोड काढली. जिन्यातील दिव्यांची तेवढी खबर त्याला जाईल; आणि सकाळी सातपर्यंत ती एकदाही गेली नाही, तर त्याने फोन करावा. “नाही तरी तुझा फोन यायला काहीतरी निमित्त हवंच,” असे ती म्हणाली आणि दोघेही हसली.

लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले. भाषांतराचा धंदा असूनही एक पान लिहावयास मला संध्याकाळ लागली. कोणत्या खोलीत कोणते यंत्र, बिघडल्यास भिंतीवरचे कोणते बटन बंद करून पुन्हा चालू करावयाचे, मुख्य पेटीतील कोणता खटका कोणत्या मजल्याचा, महिन्यातून एकदा आर.सी.सी.बी.चे चाचणी-बटन दाबून पाहावे, आणि वायरमनचा फोन. ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटविले आहे. परवलीचा शब्द मात्र त्यावर नाही. तो मावशीच्या हिशेबाच्या वहीत आहे.

ज्यांच्या घरी असे काम काढावयाचे असेल त्यांनी एक गोष्ट अवश्य करावी. यंत्रे विकत आणण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध माणसाबरोबर एका रात्री पलंगापासून न्हाणीघरापर्यंत चालून पाहावे. हात कोठे जातो, पाय कोठे अडखळतो, कोणते बटन सापडत नाही, हे कागदावर लिहावे. बहुधा तीनचार जागाच निघतील. तेवढ्या उजळल्या की पुरे.

मी निघण्याच्या आदल्या रात्री पाण्याच्या भांड्याचा आवाज ऐकून जागा झालो. काका पाणी पीत होते. मग पलंगाच्या कडेवर बोट दाबल्याचा आवाज आला, खोली उजळली, पुढे पायऱ्या एकामागून एक दिसू लागल्या आणि ते सावकाश खाली गेले. परत आल्यावर त्यांनी दाराजवळचे जुने बटन सवयीने खाली केले. दिवा विझला. मावशी जागी झाली नाही.